तुळशीरामला क्षमा करण्याची तयारी

१८ फेब्रुवारी, बुधवार. सकाळ.

राखेचा बुधवार. आजपासून ईस्टरपर्यंत उपवासकाळ. इतकी वर्षं हा काळ नुसता मटण सोडण्यात वाया घालवला. यंदा आंतरिक मुक्ती मिळवायचीच. रिटायर झाल्यापासून वेळ भरपूर आहे आणि आमच्या मोताळ्यात या लाइनमध्ये फारशी कॉम्पिटिशनही नाही.

संकल्प: चहा बंद. राग बंद. टीव्हीवरच्या बातम्या बंद. गर्व मला मुळातच नाही, त्यामुळे तिथे वेळ वाचेल.

तोच दिवस. दुपार.

डोकं दुखतंय. संकल्पात कॉफीबद्दल काही नव्हतं. घेतली.

२० फेब्रुवारी, शुक्रवार.

चर्चच्या पाळक साहेबांना मुक्तीचा प्लॅन सांगितला. वाटलं, खूश होतील. त्यांनी उलट विचारलं, तुळशीरामशी बोलता का? म्हणालो, त्याचा इथे काय संबंध. तर म्हणाले, भावाशी समेट केल्याशिवाय वेदीवर अर्पणसुद्धा ठेवू नको असं प्रभूने सांगितलंय, मुक्ती तर लांबच राहिली.

तुळशीराम माझा धाकटा भाऊ. मागच्या गल्लीत राहतो, रोहिणखेड रोडला शेती करतो. आई गेली तेव्हा तिच्या स्मरणसभेत मी माईकवर तिच्याबद्दल साक्ष देत होतो. उभी नोकरी मी एसटी स्टँडवर माईकवरून गाड्या पुकारल्या. माईक कसा धरायचा हे मला कोणी शिकवू नये. आणि या माणसाने भर सभेत माझ्या हातातून माईक काढून घेतला आणि स्वतः बोलत सुटला. सगळी मंडळी बघत होती. तेव्हापासून त्याच्याशी अबोला. तीन वर्षं होत आली.

ईस्टरनंतर त्याच्या मयुरीचं लग्न आहे. या पोरीला सायकल मी शिकवली. तिच्या लग्नात मी नसणं हा विचार करवत नाही, म्हणून करत नाही. पण पत्रिका अजून आलेली नाही आणि पत्रिका आल्याशिवाय मी जाणार नाही.

तर ठरलं. मोठ्या मनाने तुळशीरामला क्षमा करायची. तो खजील होईल, पत्रिका घेऊन घरी येईल. मुक्ती आणि लग्न, दोन्ही एकाच फेरीत.

२१ फेब्रुवारी, शनिवार.

क्षमा आज करणार होतो. पण घाईत केलेली क्षमा टिकत नाही. आधी मन तयार करावं.

२४ फेब्रुवारी, मंगळवार.

खोलीत जाऊन, दार लावून, एकांतात प्रार्थना कर, असं वचन आहे. आमच्याकडे एकांताची खोली एकच, सोयाबीनची पोती ठेवतो ती. आत गेलो, कडी लावली. प्रार्थना उत्तम झाली. नंतर कडी निघेना. बराच वेळ शांतपणे हाका मारल्या, मग अशांतपणे मारल्या. माझी बायको, अन्नपूर्णा, बचत गटाच्या मीटिंगला गेलेली. ती आल्यावर शेजारच्या रवीने कडी तोडली. तो विचारत होता, काका, आत काय करून राह्यले होते? म्हणालो, प्रार्थना. तो म्हणाला, मंग ऐकली की देवानं.

जेवण हुकलं. उपवास म्हणून धरायला हरकत नाही.

५ मार्च, गुरुवार.

उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू नये. म्हणून चर्चला एक सीलिंग फॅन गुप्तपणे दिला. दुकानदारालाच सांगितलं, परस्पर बसवून ये, माझं नाव नको. मन हलकं वाटतंय. मुक्ती फार लांब नसावी.

८ मार्च, रविवार.

उपासनेत पाळक साहेबांनी फॅन देणाऱ्या अनामिक बंधूसाठी आभार मानले. मी मान खाली घातली. वर बघतो तर अर्धी मंडळी तुळशीरामकडे बघून हसतेय. बाहेर पडल्यावर पुंजाजी त्याचा हात हातात घेऊन म्हणाला, असं गुपचूप देणं तूच करू जाणे. तुळशीराम म्हणाला, मी नाही दिला. त्यावर पुंजाजी म्हणाला, पाहा, किती नम्र माणूस आहे.

मी फक्त तिघांना खाजगीत खरं सांगितलं. तिघांनीही विश्वास ठेवला नाही.

राग आला नाही. टीव्हीचा रिमोट पडून फुटला, तो वेगळा विषय.

१५ मार्च, रविवार.

देवाची योजना बघा. पाळक साहेबांनी जाहीर केलं, प्रभूने शिष्यांचे पाय धुतले तसे यंदा पवित्र गुरुवारी आपण एकमेकांचे पाय धुऊ. पाय कोण धुणार, विचारल्यावर सगळे हात वर. धुऊन कोण घेणार, विचारल्यावर एकही नाही. लोकांना लाज वाटते. आमच्याकडे लग्नात सासरे जावयाचे पाय धुतात, त्यामुळे खुर्चीत बसून पाय पुढे करणारा आपल्याला जावई समजतो की काय असं होतं.

एकट्या तुळशीरामने हात वर केला. काय हा माणूस. पण लगेच डोक्यात उजेड पडला. भर मंडळीत, मोठा भाऊ, गुडघ्यावर, धाकट्याचे पाय धुतो. त्याला रडू आलं पाहिजे. तेव्हा हळूच म्हणायचं, तुळशीराम, मी तुला क्षमा केली. याच्यापेक्षा नम्र काही असूच शकत नाही. मोबाईलवर शूटिंग करायला अन्नपूर्णाला सांगितलं. ती म्हणाली, शूटिंग कशाला, आपल्या मागच्या गल्लीत तर राहतो, जाऊन बोला. तिला अध्यात्म समजत नाही.

२२ मार्च, रविवार.

वाकायची प्रॅक्टिस. अन्नपूर्णाला म्हणालो, पाय दे. ती म्हणाली, एवढी हौस असेल तर मोरीत भांडी पडलीत, तिथेही वाकावंच लागतं. शेवटी खुर्चीचे पाय धुतले. चारही. उठताना कंबर धरली. रवीला हाक मारावी लागली. आता तो काहीच विचारत नाही.

२९ मार्च, झावळ्यांचा रविवार.

मिरवणुकीत मयुरी शेजारी येऊन चालली. शिंदीचं पान माझ्या हातात दिलं. म्हणाली, मोठे बाबा, पिवळी साडी घेतली हळदीसाठी, येऊन बघा ना. मी म्हणालो, बघू. पान तोंडासमोर धरलं. ऊन फार होतं.

पत्रिका नाहीच. अख्ख्या मंडळीला गेली. रवीलासुद्धा आली. अन्नपूर्णा रोज संध्याकाळी तुळशीरामच्या बायकोकडे, बेबीकडे, पापड लाटायला जाते आणि मला काही सांगत नाही.

२ एप्रिल, पवित्र गुरुवार. सकाळ.

आज. नवा टॉवेल, पितळी घंगाळ, वाक्य पाठ. मन एकदम शांत. चार कॉफ्या झाल्या.

तोच दिवस. उपासनेनंतर.

पाळक साहेबांनी तोडगा काढला होता, अर्धे आधी बसतील, मग अदलाबदल. सगळ्यांनी घरूनच पाय धुऊन आणलेले. टाचा घासून, पावडर लावून. पुंजाजीने तर नखं कापून मेंदी लावायचीच बाकी ठेवली होती. तुळशीराम तेवढा गव्हाच्या मळणीवरून थेट आला. भुसा, माती, टाचांना भेगा. माझं घंगाळ पहिल्याच पायाला गढूळ झालं.

धुतले. दुसरं पाणी घेऊन पुन्हा धुतले. बोटांच्या मधली माती निघेना. तो रडत नव्हता. गुदगुल्या होतात म्हणून हसत होता. तेवढ्यातच मी वाक्य टाकलं.

"तुळशीराम, मी तुला क्षमा केली."

"कायची, दादा?"

हळू बोलणं त्याला जमत नाही. सगळं चर्च वळून बघायला लागलं. मी म्हणालो, माईकची. आईच्या सभेत ओढून घेतला होतास.

तो म्हणाला, "तू रडून राह्यला होता दादा. आईचं नाव घेतलं अन् पुढं शब्दच निघेना तुह्या तोंडून. मंग म्या माईक घेतला. मले बोलता कुठं येते? तू सावरेपर्यंत जे सुचलं ते बोलत राह्यलो."

मी विचारलं, मग तीन वर्षं मी बोललो नाही, ते? तो म्हणाला, त्याला वाटलं माझी तब्येत बरी नाही, नोकरी सुटल्यावर माणसं गप्प होतात. रोज सकाळी माझ्यासाठी प्रार्थना करतो म्हणे.

मग पत्रिकेचंही विचारून टाकलं. आता राहिलं काय होतं.

"घरच्या माणसाले पत्रिका कोण देते? दारात उभं राहून पाहुणे कोण घेईन मंग?"

त्याचा एक पाय अजून माझ्या हातात होता. टॉवेल त्याच्या पायाला लावायचा तो मी तोंडाला लावला. मातीसकट.

३ एप्रिल, उत्तम शुक्रवार. दुपार.

अन्नपूर्णाला विचारलं, मी खरंच रडलो होतो का? म्हणाली, हुंदके देऊन. तेव्हाच का नाही सांगितलं? म्हणाली, सांगितलं होतं, तर तुम्ही माझ्याशीही आठ दिवस बोलला नाहीत.

माझी अडचण कोणालाच समजत नाही. राखेच्या बुधवारपासून क्षमा करायची तयारी केली, आणि क्षमा करायला समोर गुन्हाच नाही. जो काही आहे तो माझ्याकडे निघतो. म्हणजे आता क्षमा मागावी लागणार. ती तयारी वेगळी, पुन्हा पहिल्यापासून.

पाळक साहेबांना फोन केला. विचारलं, त्याला साधारण किती दिवस लागतात, काही वाचन, उपवास वगैरे? ते म्हणाले, भाऊराव, मागच्या गल्लीत घर आहे. चप्पल घाला आणि जा.

चप्पल घातली आहे. ऊन उतरलं की निघतो.