पातळ औषध

बाबा, तुला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी तुझी ती मान माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. इथे मस्कतला गोदामात माल उतरवताना मध्येच आठवते. डॉक्टरसमोर हलणारी, सगळं कळल्यासारखी.

वळ गावातली आपली जमीन गोदामवाल्याला विकलीस तेव्हापासून तू कडक इस्त्रीचे पांढरे कपडे घालायला लागलास आणि कुणाला काही विचारणं बंद केलंस. विचारलं तर शेठ कसला? माझ्या पाठच्या छोटीच्या हृदयाचं ऑपरेशन झालं, घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, "या औषधाची रक्तातली पातळी नीट राहिली पाहिजे. पुढच्या आठवड्यात सकाळचा डोस द्यायच्या आधी तिला रक्त तपासायला आणा. समजलं ना?" तू मान हलवलीस. "समजला सगला."

काय समजलं तुला? घरी येऊन बाटली बल्बसमोर धरलीस आणि आईला बोललास, "बघ, पान्यासारका पातल हाय. डाक्टरच बोलला. जरा जास्ती द्याचा." ड्रॉपरवर रेघ होती, बाबा. आंधळ्यालाही बोटाला लागली असती. तू रोज रेघेच्या वर भरायचास, आणि वर ऐट अशी की जणू पोरीला तूपच पाजतोयस. रक्त तपासायला तर नेलंच नाहीस. "एवढासा जीव, तिचा रक्त काय काडाचा?"

मग छोटी ओकायला लागली. खेळायची बंद झाली, नुसती पडून. एका सकाळी पेला ढकलून म्हणते, "दूध पिवला हाय." दूध पांढरंशुभ्र. तू आईवर ओरडलास, "हलद टाकलीस काय यात?" आई रडायला लागली. मी छोटीला उचललं, शेजाऱ्याला रिक्षा काढायला लावली. तू मागून चप्पल शोधत आलास, पांढरीच.

कशेळीच्या पुलावर गाड्या अडकल्या होत्या. छोटीची छाती माझ्या हाताखाली इतकी सावकाश चालली होती की पुढचा ठोका येईल की नाही ते कळेना. आणि तू बाजूला बसून, डोकं बाहेर काढून ट्रकवाल्याला शिव्या देत होतास.

हॉस्पिटलात तिचं रक्त काढलं, औषध बंद केलं, छातीला वायरी लावल्या. हे औषध अंगात जास्त झालं की सगळं पिवळं दिसतं, म्हणाले. डॉक्टरांनी विचारलं, "जास्त द्यायला कुणी सांगितलं?" तू म्हणालास, "तुमीच. पातल हाय बोल्ले ना." ते म्हणाले, "पातळी म्हणालो होतो मी. म्हणजे रक्तात औषध किती आहे ते." आणि तू, पोरगी पलंगावर निपचित पडलेली असताना, मान हलवलीस. "हां, तेच. तेच ना."

छोटी वाचली. तिने तुझा फोटो भिंतीवर लावलाय, हार घालते. माझ्याच्याने होत नाही. फोनवर म्हणाली, बाबांना मनातलं लिहून काढ, बरं वाटेल. काही बरं वाटत नाही. कागद चुरगाळून इथेच टाकणार आहे.

फक्त एक. काल फोरमन इंग्लिशमध्ये भरभर काहीतरी सांगून गेला. मला त्यातलं एक अक्षर कळलं नाही. मी मान हलवली.