पाठीवरचं बदक आणि सहा-शून्य

ती. सौ. वहिनीस,

तुझ्या एकुलत्या एका दिराचा शिरसाष्टांग नमस्कार. (एकुलता आहे म्हणून चालवून घेतेस, दोन असते तर मला कधीच अडगळीत टाकलं असतंस.) मी मजेत आहे असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. आईचा गुडघा कसा आहे? जिना चढू नको म्हणावं, आणि चढणारच असेल तर कुरकुर खालीच उरकून घे म्हणावं, म्हणजे वर जाईपर्यंत दम पुरेल. दादाचं पित्त? दिवसभर दुकानात उपाशी बसून दुसऱ्यांचे वजनकाटे दुरुस्त करतो आणि संध्याकाळी जळजळतंय म्हणून तुझ्यावर चिडतो. त्याला डबा वेळेवर खायला लाव. हे पत्र मात्र त्याला दाखवू नकोस. डार्टचा विषय घरात काढायचा नाही हा त्याचा दंडक तुला माझ्याहून जास्त ठाऊक आहे. (स्वतः मात्र पेपर आला की खेळाच्या पानावरचे बारीक टाइपातले निकाल आधी वाचतो, आणि कुणी पाहिलं की म्हणतो, हवामान बघत होतो.) त्यामुळे मी पहिल्याच फेरीत सहा-शून्यने हरलो हे त्याला एव्हाना कळलं असणार, आणि त्याने ते तुला सांगितलं नसणार.

तर हरलो. ही स्पर्धा म्हणजे माझ्यासाठी काय होतं ते तुला फोनवर सांगितलंच होतं. व्यावसायिक खेळाडूंच्या यादीत मी अगदी तळाशी लोंबकळत होतो. इथे एक सामना, फक्त एक, जिंकला असता तर यादीत राहिलो असतो. आता नाव गेलं. परत वर यायचं तर हौशी मंडळींच्या गर्दीत निवड चाचणी द्यायची, नाही तर मुकाट्याने फरशीच्या कारखान्यात पेट्या भरायला जायचं. कारखान्यातला मुकादम मला बघून खूश होईल. या खेळात माझी वाट बघणारा तेवढा एकच माणूस आहे.

सुरुवात खोलीपासूनच बिघडली. खोली एका लाँड्रीच्या वर होती. खाली यंत्रं फिरायची आणि वर माझ्या पलंगाला कापरं भरायचं. गादीला ओल्या टॉवेलचा वास. शेजारच्या खोलीत दुसरा एक खेळाडू उतरला होता आणि त्याने आमच्या दोघांमधल्या भिंतीवर आपला बोर्ड टांगला होता. टक, टक, टक, मग डार्ट उपसायला चालत गेल्याची पावलं, मग पुन्हा टक, टक, टक. मी मालकीणबाईंकडे तक्रार केली. त्या म्हणाल्या, "तो निदान सराव तरी करतोय. तुमच्या खोलीतून तर काहीच ऐकू येत नाही." माझ्या खोलीतून काही ऐकू का येत नव्हतं हा वेगळा विषय आहे.

मग तुझा शर्ट. वहिनी, शिवण उत्तम आहे, खांद्यात कुठेही ओढत नाही, पण पाठीवर तू जो बगळा भरलास तो बगळा नाही. मी फेकताना एका पायावर झुकून उभा राहतो म्हणून मला बगळा म्हणतात हे सगळ्या हॉलला ठाऊक, पण पुकारा करणारा माणूस नवा होता. त्याने माझं टोपणनाव कागदावर बघायचं सोडून माझ्या पाठीवर बघितलं आणि माइकमधून जाहीर केलं, "आणि आता येत आहेत, बदक!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. मागच्या रांगेतून कुणीतरी बदकाचा आवाजही काढला, आणि खोटं कशाला बोलू, हुबेहूब काढला. (मान जरा लांब भरली असतीस तर हे टळलं असतं. राग नाही, नुसतं कानावर घालतो.)

माझ्यासमोर कोण, तर निवृत्त बस ड्रायव्हर. पोट सुटलेलं, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला, आणि स्वभावाने इतका भला की मला पहिल्या मिनिटालाच धडकी भरली. भांडखोर माणसाशी खेळायला बरं असतं, हरलो तर निदान त्याला शिव्या देता येतात. हा माणूस प्रत्येक चांगल्या फेकीनंतर माझ्याकडे बघून "माफ करा हं" म्हणायचा. तो पाचशे एकातून गुण वजा करत सुरसुर शून्याकडे यायचा, शेवटचा डार्ट त्या कडेच्या अरुंद पट्टीत अलगद ठेवून डाव संपवायचा आणि परत म्हणायचा, माफ करा हं. असं त्याने मला सहा वेळा माफ करायला लावलं.

आता मी कारणं सांगणाऱ्यातला नाही. पण बोर्डावरच्या दिव्याची एक बाजू मंद होती. वरून एसीचा झोत थेट मानेवर येत होता. फेकायची रेघ जिथे चिकटवली होती तिथे सतरंजीला फुगा आला होता, आणि एका पायावर झुकणाऱ्या माणसाला सतरंजीचा फुगा काय करतो हे दोन पायांवर उभ्या राहणाऱ्यांना नाही कळायचं. हेच सगळं बस ड्रायव्हरलाही होतं हे मला मान्य आहे. त्याला ते दिसलं नाही इतकंच.

हरल्यावरही सुटका नसते. हरलेल्याने त्याच बोर्डापाशी उभं राहून पुढच्या सामन्याचे गुण लिहायचे असा इथला नियम आहे. म्हणजे अंगावर बदक, हातात खडू, आणि तोंडाने दुसऱ्यांचे आकडे पुकारायचे. एकदा वजाबाकी चुकली तर दोघेही खेळाडू एकदमच माझ्या अंगावर ओरडले. त्या सामन्यात त्यांचं एकमत झालं ते तेवढ्यापुरतंच. स्पर्धा शेवटी जिंकली एका ठेंगण्या न्हाव्याने. कुणाच्या खिजगणतीतही नव्हता. बक्षीस घेताना तो ढसाढसा रडला आणि त्याच्या बायकोने त्याला सगळ्यांसमोर रुमाल धरून नाक शिंकरायला लावलं. मला त्याचा मत्सर वाटला, जिंकल्याचा कमी आणि नाकाचा जास्त. आमचे बस ड्रायव्हर दुसऱ्या फेरीतच हरले. बाहेर पडताना मला शोधून भेटायला आले आणि, दुसरं काय म्हणणार, माफ करा हं.

बाकी ठीक. पुढच्या महिन्यात दुसरीकडे निवड चाचणी आहे, ती देतोय असं इथे सगळ्यांना सांगितलं आहे. आईला माझा नमस्कार सांग, दादाला तो चिडणार नाही इतपत सांग, आणि तू स्वतःही कधी तरी गरम असताना जेवत जा.

तुझा दीर,
(शर्टावरून) बदक

ता. क. आईला पत्र वाचून दाखवशील तेव्हा दिवा, एसी आणि सतरंजी एवढंच वाच. बोर्ड वाकडा टांगला होता असं पदरचं घातलंस तरी चालेल. तिला तसंही कुणीतरी मला मुद्दाम पाडलं असंच वाटणार, तेवढंच समाधान.

ता. क. पुन्हा. वहिनी, वर लिहिलेलं सगळं खरं आहे, पण मी त्यामुळे हरलो नाही. माझा हात उघडत नाही. डार्ट डोळ्यासमोर आणतो, सोड म्हणतो, आणि बोटं सोडत नाहीत. खोलीत सराव का केला नाही, तर करता येत नव्हता म्हणून. एकटा असतानासुद्धा. पहिल्याच डावात मी रेघेवर इतका वेळ तसाच उभा राहिलो की पंच जवळ येऊन विचारून गेले, बरं वाटत नाहीये का? तेव्हा बस ड्रायव्हरनी माझ्याकडे पाठ फिरवली आणि उगाचच चष्मा पुसत बसले, मला लाज वाटू नये म्हणून. तिथे मात्र माझा धीर सुटला. मला फार भीती वाटते आहे गं. गुण लिहायला उभा होतो तेव्हा वजाबाकी चुकली, कारण मी आकडे बघतच नव्हतो, त्या दोघांचे हात बघत होतो. किती सहज उघडत होते.

दादाला हेच झालं होतं ना? कंटाळा आला म्हणून खेळणं सोडलं असं तो सांगत आला आणि आम्हीही ते धरून चाललो. तुला ठाऊक असणार. तेव्हा त्याच्याजवळ तूच होतीस. म्हणून हे पत्र तुला. त्याला एवढंच विचार की हे कधी बरं होतं का. माझं नाव घेऊ नकोस. तुझ्याकडे शिवायला टाकलेले कपडे न्यायला आलेल्या कुणाच्या तरी भावाचं आहे असं सांग.

ता. क. शेवटचं. पाकीट चिकटवलं होतं ते परत फोडलं. कुणाचा तरी भाऊ वगैरे राहू दे, तुला खोटं बोलता येत नाही आणि त्याला ते लगेच कळतं. हे पत्र त्यालाच दे. पहिल्यापासून वाचू दे, बदकाला निदान हसेल. उत्तर लिहू नको म्हणावं, त्याला जमायचं नाही. मी रविवारी दुपारच्या गाडीने येतोय. स्टेशनवर तू येऊ नकोस. त्याला पाठव.