पाणी बदललं हे कळू नये

४ जानेवारी
पोहोचले, सामानही लावून झालं. बाहेर थंडीने बोटं आखडली होती, तर इथे आल्या आल्या स्वेटर काढावासा वाटला. घरमालक सत्तरीचे, निवृत्त इंजिनिअर, भलतेच बोलघेवडे. मला काका म्हणा, म्हणाले. या घरात मीही भाडेकरूच, मालक ते बघा. ते म्हणजे भिंतभर काचेची टाकी आणि तिच्यात बशीएवढे गोल, चपटे डिस्कस मासे. मी हसले. हसू खरं होतं की शिष्टाचाराचं, ते नक्की सांगता येत नाही.

माझं काम पाण्याचं. कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक होते. आईच्या आजारपणात नोकरी सोडली, आणि ती गेल्यावर घरात बसवेना. धाकट्या बहिणीने फोनवर टोमणा मारलाच: माणसांचा कंटाळा आला म्हणून आता माशांची उस्तवार करणार का, त्यापेक्षा माझ्याकडे ये की. येते म्हटलं. फेब्रुवारीत भाचीचं बाळंतपण आहे. तिला मी अंगाखांद्यावर खेळवलंय. तेव्हा तिच्याजवळ असेन असा शब्द दिलाय. तोवर इथे.

७ जानेवारी
डिस्कसचं पाणी मृदू हवं आणि किंचित आम्ल, पीएच सहाच्या आसपास. तापमान एकोणतीस. नळाचं पाणी तसंच ओतायचं नाही. क्षार काढून, पिंपात दिवसभर बुडबुडे सोडून, कोमट करून मगच. रोज थोडं पाणी उपसायचं, कारण माशांची घाण पाण्यात विरघळते आणि डोळ्यांना दिसत नाही. चुकलं तर मासा काळवंडतो, कोपऱ्यात तोंड घालून उभा राहतो. काका म्हणतात, याहून जावई परवडले.

आज दोन नवे मासे आले. त्यांना त्यांच्याच पाण्यासकट बादलीत ठेवलं. मोठ्या टाकीतून एक बारीक नळी, तिला गाठ मारलेली, त्यातून थेंब थेंब पाणी बादलीत. जुनं पाणी अधूनमधून काढून टाकायचं. संध्याकाळी बादलीत त्यांचं मूळचं पाणी जवळजवळ उरलं नव्हतं. काका म्हणाले, पाणी बदललं हे त्याला कळता कामा नये, एवढीच कला.

शांत काम आहे. मला मानवेल.

१९ जानेवारी
एका जोडीची पिल्लं पोहू लागली. ती दुसरं काही खात नाहीत. आईबापांच्या अंगावर साय धरते, ती टोचून खातात. बाप दमला की अंग झटकतो, मग सगळी पिल्लं आईच्या अंगाला लागतात. बराच वेळ बघत बसले. आई आठवली. आठवली, एवढंच.

बहिणीचा फोन आला होता. ताई, तुझा आवाज असा काय येतोय, म्हणाली. असा म्हणजे कसा, ते तिला सांगता येईना.

२७ जानेवारी
टाकीचं पाणी तपासून झालं. तपासायचं औषध थोडं उरलं होतं, म्हणून माझ्या खोलीतला तांब्या तपासला. सहा. न्हाणीघरातलं पाणी, तेही सहा. खोलीचं तापमान एकोणतीस. आले त्या आठवड्यात सहज पाहिलं होतं, तेव्हा बावीस होतं.

काकांना विचारलं. त्यांनी काही लपवलं नाही. रोज थोडं थोडं बदलत गेलो, म्हणाले, तुम्हाला काही जाणवलं का? नाही ना? मग झालं तर.

राग यायला हवा होता. प्रामाणिकपणे शोधला, सापडला नाही. हे आईचं दुःख की हे पाणी, कसं ठरवणार? उद्यापासून नळाचं पाणी पिऊन बघते.

२८ जानेवारी
प्याले. ओकले. तांब्यातलं प्याल्यावर बरं वाटलं.

३ फेब्रुवारी
बाजारात गेले होते. किराणा दुकानाच्या मालकीणबाईंनी हलवलं तेव्हा भानावर आले. अहो ताई, चेहरा काळाठिक्कर पडलाय, बरं नाही का? मी दोन कपाटांच्या सांदीत भिंतीकडे तोंड करून उभी होते. कधी शिरले, आठवत नाही. घरी येऊन दार लावलं. हळूहळू रंग परतला.

९ फेब्रुवारी
जोडीने पिल्लांना दूर केलं. उपाशी मरतील. काका म्हणाले, बाई, जरा हात बुडवून बघता का.

मी का म्हणून विचारलं नाही. हे लिहिताना लक्षात आलं.

आली सगळी. मनगटापासून कोपरापर्यंत. हातावर साय धरली आहे, पांढुरकी, चमकणारी. पुसली की पुन्हा येते. दुखत नाही.

१६ फेब्रुवारी
भाचीला दवाखान्यात नेलं. मेहुणे मला न्यायला गाडी घेऊन आले. पिशवी भरली होती. उंबरा ओलांडला, पण श्वास घेता येईना. हवा कोरडी, घशात काटे. मेहुणे म्हणत होते, ताई, ती तुमचंच नाव घेतेय, चला ना. काका हळूच म्हणाले, एकदम नका नेऊ, सोसायचं नाही त्यांना.

उद्या येते, असं मीच म्हटलं. मीच.

१७ फेब्रुवारी
मुलगा झाला. आनंद झाला असं फोनवर सांगितलं.

९ मार्च
भाची आली, बाळाला घेऊन. मावशी येत नाही तर आम्हीच आलो, म्हणाली. रुसली होतीस की काय गं? केवढी हसते. काका म्हणाले, राहा चार दिवस, घर उबदार आहे, बाळाला मानवेल.

तिला सांगायचं होतं, आल्या पावली परत जा. सांगितलं, हातपाय धुऊन घे.

तिच्या खोलीतही तांब्या ठेवलाय. मी नाही ठेवला. बहुतेक मी नाही.

१० मार्च
बाळ दूध ओढत नाही. भाची रडकुंडीला आली सकाळी. दुपारी शांत होती. मी विचारलं, काळजी नाही वाटत? म्हणाली, वाटायला हवी ना—

११ मार्च
वाक्य पाठ केलंय. बाळाला उचल आणि निघ. पहिला शब्द बाळाला. मग बाकीचे येतील—

बाळ माझ्यापाशी देऊन ती आंघोळीला गेली. त्याने तोंड फिरवलं. माझ्या दंडाला लागलं. गाल हलतायत. साय—

सोडवायला हवं. दुसरा हात मोकळा आहे. त्या हाताने लिहिते आहे, सोडवत नाही—

भाची आली. अगंबाई, लागलं की ओढायला! असू दे गं मावशी, तुझ्याचपाशी. मी तोंड उघडलं. बाळाला—असू दे, म्हणाले.

बोलता येत नाही. मोठ्या अक्षरात लिहून तिच्यापुढे धरते. बाळाला राहू दे. नाही, हे नाही. पुन्हा लिहिते. बाळाला राहू