सुमनचा गवती चहा

३१ डिसेंबर, संध्याकाळ

बायका आत्ताच गेल्या. पातेलं चाटूनपुसून रिकामं झालंय आणि मला सुख नाही.

कंपनीतल्या पुरुषांची पार्टी क्लबात, बाटल्यांची. म्हणून कॉलनीतल्या बायकापोरांसाठी मी घरी बिनदारूचं पंच केलं. गवती चहा नि आलं उकळून गार केलं, त्यात मोसंबीचा रस, वर डाळिंबाचे दाणे. गवती चहा शेजारच्या सुमनच्या कुंडीतला. सकाळी निळ्या दोऱ्यानं जुडी बांधून घेऊन आली, बसून सगळ्या मोसंब्याही तिनंच पिळल्या.

सगळ्यांनी दोन-दोन पेले घेतले. मग समोरच्या घरातल्या काकूंनी विचारलं, "गवती चहा कुठला गं? वास काय सुरेख आहे."

विद्यापीठाच्या नामांतराचं तापल्यापासून कॉलनीत सुमनच्या घरचं पाणी कुणी घेत नाही. आधी तरी घेत होत्या का? तेव्हा निदान सबबी सांगायच्या.

मी म्हणाले, "गुलमंडीच्या बाजारातून आणला."

किती पटकन म्हणाले. विचारसुद्धा करावा लागला नाही, तेच टोचतंय. काकूंनी फार तर पेला खाली ठेवला असता. तेवढ्याला भ्याले मी? आणि घरात नामांतराच्या बाजूनं तावातावानं बोलते, ती कोण मग?

सुमन माझ्या मागंच उभी होती.

सगळ्या गेल्यावर तिनं पेले विसळले. मी नको म्हणत होते. मग तिनं ओट्यावरचा तो निळा दोरा उचलून बोटाला गुंडाळला आणि शांतपणे म्हणाली, "ताई, पुढच्या वर्षी गुलमंडीतूनच आणा."