वाटणारीचा वाटा

केनित्रा, ६ ऑक्टोबर १९९८

ती. तामूमावशीस,
गिझलानचा सलाम वि. वि.

मी मजेत आहे. तुझं लोणी मैत्रिणींनी दोन दिवसांत फस्त केलं, मला चाटणसुद्धा उरलं नाही.

पण अभ्यासाचं घोडं अडलंय. तुमच्या गावात दर शनिवारी घरोघर फिरून मी विचारत होते ना, काल शुक्रवारच्या जेवणात कुसकुसच्या रव्यावर मांस किती होतं आणि परातीभोवती किती जण बसले? मांसाला माणसांनी भागलं आणि बायका पोटभर मांस खातात असं लिहून मोकळी झाले. आता त्यांच्या रक्ताच्या तपासण्या आल्यात. सगळ्यांच्या अंगात रक्त कमी! आमच्या बाई म्हणाल्या, एक तर यंत्र खोटं बोलतंय, नाहीतर तुझी वही. महिनाअखेर वही दुरुस्त झाली नाही तर माझं वर्ष गेलं. बायकांनी मला का गं फसवावं?

तुझी रडवेली,
गिझलान

औलमेस, १४ ऑक्टोबर

चि. गिझलान हिस,
अ. उ. आ.

अगं शहाणे, कुणी फसवलं नाही. आणि पोटभर जेवलीस का, असं विचारलं असतंस तरी कुठली बाई नाही म्हणाली असती? मांस परातीच्या मध्यावर असतं. शेवटी घरची बाई ते हातानं तोडून वाटते. आधी नवरा, मग सासू, मग पोरं. तिच्या बोटांना चिकटेल तेवढं तिचं. जन्मापासून हे बघतेस आणि भागाकार कसले करत बसलीस! तू आमच्याकडे जेवायला होतीस तेव्हा तुझ्यापुढे दोन तुकडे आले. दुसरा कुणाचा वाटला तुला?

किती खाल्लंस ते विचारू नकोस. कुणाकुणाला दिलंस ते विचार, घडाघडा सांगतील. वर्षबिर्ष काही जात नाही. तुझ्या काकांचा गुडघा बरा आहे, कुरकुर तेवढी चालू आहे.

जीव लावून असणारी,
मावशी

केनित्रा, ९ नोव्हेंबर

ती. मावशीस सलाम वि. वि.

पास! तीस घरं पुन्हा फिरले, तुझाच प्रश्न विचारत. सव्वीस घरांत वाटणारीला काहीच उरत नाही. बाईंनी वही दोनदा वाचली आणि हा प्रश्न कुणी शिकवला म्हणून विचारलं. मी अभिमानानं तुझं नाव सांगितलं.

तुझ्या घरी मात्र वही घेऊन यायचा धीर झाला नाही. तो दुसरा तुकडा आठवला की मला लाज वाटते गं. माझ्यासाठी एवढं कर, येत्या शुक्रवारी पहिला तुकडा स्वतःपुढे ठेव.

तुझ्या मायेवरच वाढलेली,
गिझलान

औलमेस, २१ नोव्हेंबर

चि. गिझलान हिस,
अ. उ. आ.

तुझ्या यशानं ऊर भरून आला. गावभर सांगत सुटलेय.

काल तुझं ऐकलं. पहिला तुकडा तोडला आणि माझ्यापुढे ठेवला. सगळे थांबले. काकांनी विचारलं, कुणी पाहुणं यायचंय का. मी म्हटलं, नाही, हा माझा. दुसरा सुनेला दिला. ती खाली मान घालून हसत होती.

मग तोंडात घातला. आणि काय सांगू तुला, चिवट! नुसता चिवट! तीस वर्षं मी असलं मांस वाढतेय आणि एकानं म्हणून तोंड उघडलं नाही. काकांना फैलावर घेतलं, तर म्हणाले, आम्हाला वाटलं तुला असंच आवडतं.

पुढच्या शुक्रवारी तासभर आधी चूल पेटवणार आहे. सुट्टी मिळाली तर ये.

तुझीच,
मावशी