दुसरी पुडी

ईरोड
१९ मे

प्रिय पूंगोडी अक्का,

तिकडे सगळे बरे असाल. भाऊजींचा खोकला थांबला का? इकडे सगळं ठीक. म्हणजे मी सोडून. फोनच केला असता, पण माझा फोन ऐकायची तुझ्यापेक्षा तुझ्या सासूबाईंनाच हौस जास्त. मावशी तुमच्या नामक्कलला निघालीच आहे, तिच्याजवळ हे देते.

एमबीएला दोन्हीकडे माझा नंबर लागला, हे कळलंच असेल. कोईमतूरचं कॉलेज अप्पांचं लाडकं. निम्मा वर्ग गिरणीवाल्यांच्या पोरांचा, शनिवारी मी घरी यायचं आणि आपल्या हळदीच्या गोदामात बसायचं. कलकत्त्याचं नावाजलेलं, गणिताने घाम काढणारं, आणि रेल्वेने दोन रात्री लांब. घरात दुसरा विषयच नव्हता. अप्पा लाडाने म्हणत, "कण्णू, तिकडे तुला सांबार कोण देणार?" जशी काही मी सांबार शिकायला चाललेय! अम्मा त्यांच्याहून मोठ्याने, "पोरीची जात, एवढ्या लांब? माझ्या जीवाला घोर नको!"

शेवटी अप्पाच म्हणाले, अंगाळम्मन देवीला फुलं लावून कौल घेऊ. पांढरी कण्हेर म्हणजे कोईमतूर, तांबडी म्हणजे कलकत्ता. अम्माने पानांच्या दोन पुड्या बांधल्या, देवीच्या पायांशी ठेवल्या. पुजाऱ्याच्या नातीने एक उचलली. तांबडी निघाली. अप्पांचा चेहरा पडला, पण देवीपुढे बोलणार काय? अम्मा पदर तोंडाला लावून रडली. आणि मला, खरं सांगते, सुटल्यासारखं झालं. कलकत्त्याची फार भीती वाटत होती गं. देवीनेच पाठवलं म्हटल्यावर ती गेली.

उरलेली पुडी कुणी उघडत नाही, तुला माहीत आहे. विहिरीत सोडायला ती माझ्याकडे दिली, आणि मी उघडली. का, ते विचारू नकोस. माझ्या हातांना कधी चैन असते?

तिच्यातही तांबडीच.

घरी येऊन अम्माला गाठलं. ती डोशाचं पीठ ढवळत होती.

"देवीला फसवलंस?"

"देवीला सगळं कळतं."

"मग इतके दिवस रडत का होतीस?"

"मी जा म्हटलं असतं, तर अप्पांनी पुड्या माझ्या हातात दिल्या असत्या का?"

मी चिडले. म्हटलं, तूही परस्पर ठरवून मोकळी झालीस, मला कुणी विचारलंच नाही. त्यावर ती जे बोलली ते तुला लिहू की नको, यात एक पत्र फाडून झालं.

तुला चेन्नईला शिकायला जायचं होतं, तेव्हाही फुलं लावली होती. पांढरी निघाली, तू थांबलीस, आणि पोंगल होताच तुझं लग्न झालं. अजून म्हणतेस, देवीच्या मनात नव्हतं. अक्का, अम्मा म्हणाली, "थोरलीच्या वेळी पुड्या तुझ्या अप्पांनी बांधल्या होत्या. दुसरी मी विहिरीवर उघडून पाहिली. तिच्यातही पांढरीच होती. मी गप्प बसले." मग पीठ झाकून ती बाहेर निघून गेली.

काल मी होकार कळवला, कलकत्त्याला. देवीसाठी नाही, अम्मासाठीही नाही. मला जायचंय म्हणून. भीती परत आली आहे, ती बरोबर घेऊनच जाईन.

अप्पांना मी काही विचारलेलं नाही. तो प्रश्न तुझा आहे. मी निघायच्या आधी ये, विचारावंसं वाटलं नाही तरी ये.

हे सांगितलं म्हणून हवं तर माझ्यावर रागाव. पण माझ्यावरच थांबू नकोस.

तुझी धाकटी,
कोकिला