सरांच्या कादंबरीचं पान दोनशे अकरा

गारखेडा, संभाजीनगर
शनिवार

ती. सारजाअक्कास धाकट्या रत्नमालेचा वाकून नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? दाजींचा खोकला गेला का? इकडे सगळे ठीक, मी वाचते आहे. (फोन केला असता, पण दाजी स्पीकर लावतात. म्हणून शेजारचे कडुबा उद्या सोयगावला येतायत, त्यांच्या हाती हे पाठवते.)

निवृत्तीनंतर मी कथालेखनाच्या वर्गाला जाते, ते तुला ठाऊकच आहे. तिथल्या आमच्या सुदर्शन सरांची कादंबरी आली. पाचशे बारा पानं, आणि तिच्यावर भाषण करायचं काम माझ्या गळ्यात. वर्षभर ज्यांनी आमच्या कथांतली विशेषणं तणासारखी उपटली, त्यांचा सूर्य पहिल्या पानावर मावळायला लागतो तो नवव्या पानापर्यंत मावळतच असतो. नायक चहा मागतो, मग त्याला बालपण आठवतं, आणि चहा राहतो तो राहतोच. रोज दुपारी चार पानं वाचते, डुलकी लागते, तेवढ्यात सरांचा फोन येतो, कुठवर आलात? थकले गं. ऑफिसातल्या फायलीत निदान शेवटी काय हवंय ते लिहिलेलं असायचं.

काल मात्र दोनशे अकराव्या पानावर झोप उडाली. सोयगावच्या एका घरात नणंदा महिनाभर मुक्काम ठोकतात आणि एका सकाळी वहिनीच्या अंगात येतं. देवी घुमत बजावते, ‘लई दिस झाले, आता ज्यानं त्यानं आपल्या घरी जावं.’ दुपारच्या एसटीनं नणंदा रवाना. अक्का, हा माझा गृहपाठ आहे. घरातली कुणाला न सांगितलेली गोष्ट लिहून आणा, असं सरांनी सांगितलं होतं. खरी नावं घाला म्हणजे पात्रं जिवंत होतात, मागाहून बदलू, हेही त्यांनीच सांगितलं होतं. मागाहून कुणीच बदललं नाही. वहिनीचं नाव सारजाबाईच आहे. तू मला शपथ घालून सांगितलेलं ते अंगात आल्याचं सोंग मी वहीत उतरवलं, याची फार लाज वाटते. सरांना विचारलं तर म्हणाले, ‘अहो ताई, लेखक आजूबाजूचं टिपतच असतो.’

दाजींना नमस्कार सांग.

तुझी,
रत्नमाला

ता. क. सरांनी तालुक्यांच्या वाचनालयांना प्रती भेट पाठवल्यात. तुमच्याकडची मंगळवारी पोचेल. दाजी रोज तिथं पेपर वाचायला बसतात, आणि त्यांनी वाचलं की त्यांच्या बहिणींना कळलंच. तेव्हा त्यांच्या आधी जाऊन तूच ते पुस्तक घरी आण आणि गहू ठेवतेस त्या कोठीत टाक.

आणखी एक. कोठीत टाकायच्या आधी दोनशे अकरापासूनची माझी सहा पानं वाच. अख्ख्या पुस्तकात तेवढीच वाचण्यासारखी आहेत, आणि सरांनी त्यात एक शब्द बदललेला नाही. रागव मला खुशाल, पण कशी लिहिलीत मी, तेवढं कळव.